चार जगज्जेतेपदं आणि दोन आडनावं

जानेवारीतल्या एखाद्या पहाटे साडेपाचला किल्लारीत रस्त्यावर येऊन बघा. भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या गावाचे रस्ते सरळ आणि रुंद आहेत, त्यामुळे पळायला बरे. कानाला स्कार्फ गुंडाळलेल्या, तोंडातून वाफ निघणाऱ्या तीन-चार पोरी तुमच्या बाजूने निघून जातील. पोलीस भरतीला मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. मैदानावर ४०० मीटरचा ट्रॅक असेल तर दोन राउंड. कॉलेजात असाल तर या पोरी तुमच्या वर्गातच असतील, किंवा त्यातली एक तुम्हीच असाल.

आता त्याच ४०० मीटरच्या ट्रॅकवर पाण्याचा थर गोठवा. पायात बुटाऐवजी लांब पोलादी पातं बांधा. आणि दोन राउंडऐवजी साडेसात राउंड मारा, म्हणजे ३००० मीटर. आपल्याकडे ३००० मीटर म्हटलं की बीडचा अविनाश साबळे किंवा साताऱ्याची ललिता बाबर आठवते, अडथळ्यांची शर्यत आठवते. बर्फावरची ३००० मीटर आपण कुणी बघितलेली नसते, कारण आपल्याकडे बर्फ मिळतो तो फक्त रसवंतीवर. तरीही आज त्या बर्फावरच्या एका बाईची गोष्ट वाचा. १९६२ मध्ये तिने हे ३००० मीटर अंतर ५ मिनिटं ६ सेकंदांत कापलं होतं. हिशोब करून बघा. एका राउंडला सरासरी ४१ सेकंदही लागले नाहीत. ताशी ३५ किलोमीटर. गावातल्या रस्त्याने तुमची स्कूटी याच वेगाने जाते, आणि तिला पेट्रोल लागतं.

तिचं नाव इंगा आर्तामोनोवा. किंवा इंगा वोरोनिना. गोंधळलात? मीही गोंधळले होते. महिलांच्या स्पीड स्केटिंगमधल्या जगज्जेत्यांची जुनी यादी बघितली, तर त्यात १९५७ आणि १९५८ समोर आर्तामोनोवा हे नाव दिसतं आणि १९६२ व १९६५ समोर वोरोनिना. नुसती नजर फिरवली तर वाटतं, दोन वेगळ्या बायका होत्या आणि दोघींनी दोन-दोन वेळा जिंकलं. प्रत्यक्षात ती एकच होती. चार वेळा जगज्जेती होणारी पहिली महिला. मधल्या काळात तिचं लग्न झालं, एवढंच.

इंगाचा जन्म २९ ऑगस्ट १९३६ चा, मॉस्कोचा. पाच वर्षांची होईपर्यंत युद्ध दारात आलं होतं, म्हणजे बालपण कसं गेलं असेल ते वेगळं सांगायला नको. पण एक गोष्ट तिच्या नशिबाने चांगली होती. मॉस्कोतल्या पेत्रोव्का रस्त्यावर ती राहायची आणि तिथेच, अगदी अंगणात म्हणावं इतक्या जवळ, ‘डायनॅमो’ या क्रीडासंस्थेचं स्केटिंगचं मैदान होतं. आपल्याकडे एखाद्याचं घर तालमीशेजारी असतं आणि पोरगं चालायला लागलं की लाल मातीत लोळतं, तसंच काहीसं. पुढे ती खेळली तेही डायनॅमोकडूनच.

मात्र तिचा पहिला खेळ स्केटिंग नव्हता. ती वल्ही मारायची. रोइंगमध्ये तिने चांगलं नाव काढलं होतं. उंच अंगकाठी, लांब हात, रुंद खांदे, म्हणजे बोट ओढायला जे लागतं ते सगळं होतं. मग ऐन तारुण्यात तिला क्षय झाला. रोइंग बंद. क्षयरोग म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. खोकला, औषधं आणि घरच्यांचे पडलेले चेहरे आपण बघितलेले आहेत. असल्या आजारातून उठलेल्या मुलीने फुफ्फुसाची सगळ्यात जास्त परीक्षा बघणारा खेळ निवडावा, हे ऐकूनच नवल वाटतं. पण तिने निवडला. वल्ही मारून कमावलेली पाठ आणि मांड्या बर्फावर उपयोगी पडल्या.

कारण स्पीड स्केटिंग म्हणजे पळणं नव्हे. टीव्हीवर हिवाळी ऑलिंपिक कधी लागलं तर नीट बघा. स्केटर कमरेत इतकी वाकलेली असते की पाठ जमिनीला समांतर दिसते. गुडघे वाकलेले, एक हात किंवा दोन्ही हात पाठीवर. पाय मागे मारायचा नसतो, बाजूला ढकलायचा असतो. एक ढकल, मग त्या वेगावर घसरत जाणं, मग दुसऱ्या पायाची ढकल. वळणावर उजवा पाय डाव्यावरून टाकत जायचं. आपण जिममध्ये भिंतीला टेकून ‘खुर्ची’ करतो ना, एका मिनिटात मांड्या थरथरायला लागतात? तशा अवस्थेत पाच मिनिटं, पूर्ण जोर लावून. लांब पायांच्या इंगाची एक ढकल दुसऱ्यांपेक्षा लांब जायची.

आणखी एक गंमत म्हणजे शर्यतीला ट्रॅकवर दोघीच असतात. एक आतल्या लेनमध्ये, एक बाहेरच्या, आणि प्रत्येक फेरीत लेन बदलायची, म्हणजे दोघींचं अंतर सारखं होतं. तुमची खरी स्पर्धक कदाचित अर्ध्या तासापूर्वीच पळून गेलेली असते किंवा अजून बूट बांधत असते. तुम्ही पळता घड्याळाशी.

जगज्जेतेपद एका शर्यतीवर ठरत नसे. दोन दिवसांत चार शर्यती व्हायच्या: ५००, १०००, १५०० आणि ३००० मीटर. १९५५ पर्यंत बायकांना ५००० मीटरही होती, नंतर ती काढली. ऑलिंपिकमध्ये ती बायकांना मिळायला पुढे १९८८ उजाडलं. (बायकांना झेपणार नाही हे ठरवणारे कोण असतात, हा वेगळ्या लेखाचा विषय.) चारही शर्यतींचे गुण एकत्र करायची पद्धत साधी आहे. ५०० मीटरला जितके सेकंद लागले तितके गुण. १००० च्या सेकंदांना २ ने भागायचं, १५०० च्या ३ ने, ३००० च्या ६ ने. बेरीज ज्याची सगळ्यात कमी, तो जिंकला. इंगाचे ५ मिनिटं ६ सेकंद म्हणजे ३०६ सेकंद, भागिले ६, बरोबर ५१ गुण. म्हणजे ५०० मीटरला एक सेकंद गमावला तर तो ३००० मध्ये सहा सेकंदांनी भरून काढावा लागतो. नुसतं जोरात सुटून भागत नाही आणि नुसता दम असूनही भागत नाही. आपल्या भरतीतही १०० मीटर, ८०० मीटर आणि गोळाफेक अशा तिन्ही गुणांची बेरीज लागते, त्यामुळे हा ताण तुम्हाला कळेल.

१९५७ मध्ये फिनलंडमधल्या इमात्रा इथे ती पहिल्यांदा जगज्जेती झाली. वय वीस. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या क्रिस्टिनेहाम्नला पुन्हा. त्या काळात या खेळात सोव्हिएत बायकांचा दबदबा असा होता की १९४८ ते १९६६ या वर्षांत फक्त एकदा, १९५१ ला, जगज्जेतेपद दुसऱ्या देशाकडे गेलं. त्यामुळे जगाशी लढण्याआधी इंगाला स्वतःच्या संघातल्या मुलींशी लढावं लागायचं आणि तेच जास्त अवघड होतं. तमारा रिलोवा, वालेंतिना स्तेनिना, लिदिया स्कोब्लिकोवा. यातली प्रत्येक जण कधी ना कधी जगज्जेती झाली.

१९५९ च्या सुमारास इंगाने गेन्नादी वोरोनिनशी लग्न केलं. तोही डायनॅमोचा, तोही स्पीड स्केटर, तोही राष्ट्रीय संघातला. वर्तमानपत्रात फोटो छापण्याजोगी जोडी.

रशियन नावाची रचना आपल्यासारखीच तीन पदरी असते. स्वतःचं नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं मधलं नाव, मग आडनाव. ती इंगा ग्रिगोर्येव्ना आर्तामोनोवा. लग्नानंतर तिथे मधलं नाव तसंच राहतं, आडनाव बदलतं, आणि बाई आहे म्हणून त्याला शेवटी ‘आ’ लागतो: वोरोनिनची वोरोनिना. आपल्याकडे त्याही पुढची पायरी आहे. मधलं आणि शेवटचं, दोन्ही बदलतात. माझ्या मावसबहिणीचं लग्न द्वितीय वर्षाला असताना झालं. दहावीची सनद एका नावाची, आधार कार्ड दुसऱ्या नावाचं, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतली तीन प्रमाणपत्रं पहिल्या नावाची. खेळाडू कोट्यातून अर्ज भरताना ती प्रमाणपत्रं आपलीच आहेत हे सिद्ध करायला तिला शपथपत्र करावं लागलं, राजपत्रात नाव छापून आणावं लागलं. तिने धावून मिळवलेलं कांस्यपदक तिचंच आहे, असं तिलाच स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावं लागलं. इंगाची यादी बघितली तेव्हा मला पहिल्यांदा ती आठवली.

१९६० ला अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीमध्ये बायकांचं स्पीड स्केटिंग पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये अधिकृतपणे आलं. दोनदा जगज्जेती झालेली इंगा तिथे नव्हती. आजारपणाने तिला गाठलं होतं. स्कोब्लिकोवाने तिथे दोन सुवर्णपदकं नेली. इंगासाठी पुढची दोन वर्षं अशीच गेली. खेळाडू म्हणून ती संपली, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला चूक म्हणता आलं नसतं.

आणि मग आला १९६२ चा हिवाळा. आताच्या कझाकस्तानात, अल्माटी शहराच्या वर डोंगरात मेदेओ नावाचं स्केटिंगचं मैदान आहे. समुद्रसपाटीपासून जवळपास १७०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही थोडं उंच. तिथे हवा विरळ, त्यामुळे अंगाला अडवणारा वारा कमी. डोंगरातल्या पाण्याचा बर्फही गुळगुळीत. विक्रम करायला स्केटर तिकडे जायच्या. त्या जानेवारीत इंगाने तिथे १५०० मीटरला २ मिनिटं १९ सेकंद आणि ३००० ला ५ मिनिटं ६ सेकंद अशी वेळ दिली. दोन्ही जागतिक विक्रम. ३००० चा आधीचा विक्रम ५ मिनिटं १३.८ सेकंदांचा होता आणि तो १९५३ पासून कुणाला हलवता आला नव्हता. जवळजवळ आठ सेकंदांनी तो मोडला. क्षयातून उठलेल्या फुफ्फुसांनी, विरळ हवेत. त्याच मोसमात इमात्रालाच, जिथे पहिल्यांदा जिंकली होती तिथेच, ती तिसऱ्यांदा जगज्जेती झाली. यावेळी यादीत नाव लागलं वोरोनिना.

घरात काय चाललं होतं? वोरोनिन प्यायचा. मारायचा. इंगाच्या धाकट्या भावाने पुढे बहिणीच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं आणि हे सगळं जगासमोर आणलं. त्या काळी मात्र ही घरातली भानगड होती आणि घरातल्या भानगडीत बाहेरच्यांनी पडायचं नसतं. हे वाक्य आपण किती लग्नांत, किती बैठकांत ऐकलंय ते आठवून बघा. नवरा-बायको दोघंही एकाच संस्थेचे, दोघंही देशाच्या संघातले, शिबिरांना जाणारे. इतक्या माणसांच्या मधे राहणाऱ्या जगज्जेत्या बाईवर घरी हात उचलला जात होता. म्हणजे प्रसिद्धी मिळाली, पैसा मिळाला की बाई सुरक्षित होते, असं मानायला जागा नाही.

१९६३ आणि १९६४, दोन्ही वर्षी जगज्जेतेपद स्कोब्लिकोवाने नेलं. आणि १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये तर तिने चार दिवसांत चार शर्यती, चारही सुवर्ण, असा पराक्रम केला. जगभर तिचंच नाव झालं. ते व्हायलाच हवं होतं. त्या ऑलिंपिकमध्येही इंगा पळाली नाही. स्कोब्लिकोवाने तिथे ३००० मीटर जिंकली ती ५ मिनिटं १४.९ सेकंदांत. कागदावर इंगाचा विक्रम यापेक्षा ८.९ सेकंदांनी सरस होता. पण ही तुलना सरळ नाही हेही सांगायला हवं: मेदेओचा बर्फ आणि इन्सब्रुकचा बर्फ यांत फरक आहे, आणि ऑलिंपिकच्या दिवशी उभं राहून जिंकणं हे वेगळंच काम आहे. इंगाला ते करून बघायची संधी कधीच मिळाली नाही. तिच्या नावावर एकही ऑलिंपिक पदक नाही. म्हणूनच कदाचित आपण तिचं नाव ऐकलेलं नसतं.

तिच्याबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक शेवटापासून सुरू होतं. मला मात्र तिचा १९६५ चा मोसम जास्त बघावासा वाटतो.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई. ऑलिंपिक हुकलेलं, एकदा नव्हे, दोनदा. प्रतिस्पर्धी जगात गाजलेली. घरी परतायची भीती. आणि तरी नोव्हेंबर आला की ती बर्फावर हजर. तेव्हा आजच्यासारखी बंद सभागृहं नव्हती. सगळं उघड्यावर. वारा सुटला तर समोरच्या सरळ रेषेत तो छातीवर घ्यायचा, बर्फ पडायला लागला तर पात्याखाली भुसा घातल्यासारखं वाटायचं, ऊन आलं तर ट्रॅक मऊ पडायचा. अंगात लोकरीचे कपडे. कोणत्या जोडीत कुणाचा नंबर लागतो आणि तेव्हा हवा कशी असते, यावर पदकं फिरायची. मोसम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा. आधी देशांतर्गत स्पर्धा, त्यातून संघात निवड, फेब्रुवारीत जागतिक स्पर्धा. संघात जागा दरवर्षी नव्याने कमवावी लागायची.

त्या वर्षीची जागतिक स्पर्धा फिनलंडच्या औलू शहरात होती. बऱ्यापैकी उत्तरेला, उत्तर ध्रुववृत्तापासून फार लांब नाही. तिथे चार शर्यतींच्या बेरजेत इंगा सगळ्यात वर राहिली. दुसरी आली स्तेनिना, जी स्वतः १९६० आणि १९६१ ची जगज्जेती. तिसरी एक डच मुलगी, स्टीन कायझर. तिने पुढे १९६७ आणि १९६८ ला हेच पद नेलं आणि सोव्हिएत बायकांचं राज्य संपवलं. म्हणजे व्यासपीठावर मागचं आणि पुढचं, दोन्ही उभं होतं आणि मधे सगळ्यात उंच पायरीवर इंगा. चौथ्यांदा. तिच्याआधी मारिया इसाकोवाने तीनदा जिंकलं होतं, चार वेळा कुणीच नाही. पहिल्या आणि चौथ्या जेतेपदात आठ वर्षांचं अंतर. या आठ वर्षांत आजारपण होतं, लग्न होतं, मार होता, स्कोब्लिकोवा होती. ती औलूला कशी पळाली असेल याची मी कल्पना करून बघते: कमरेत वाकलेली, हात पाठीवर, वळणावर उजवा पाय डाव्यावरून टाकत. ट्रॅकवर असताना तिच्या अंगाला हात लावायला कुणी येऊ शकत नव्हतं.

१९६५ संपत आलं तोवर तिचा निर्णय झाला होता. नवऱ्यापासून वेगळं व्हायचं. हे लिहायला तीन शब्द लागतात. तुमच्या गल्लीत, नात्यात जिने हे केलंय तिला विचारा किती वर्षं लागतात. आणि ज्या बाईने सोडून जायचं ठरवलं, तिला सगळ्यात मोठा धोका त्याच काळात असतो, हे स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्था आपल्याकडेही पुन्हा पुन्हा सांगतात. आपण मात्र ऐकतो ते उलटंच: थोडं सांभाळून घे, सुधारेल.

४ जानेवारी १९६६. नवा मोसम ऐन भरात होता, जागतिक स्पर्धेला महिना-दीड महिना उरला होता. मॉस्कोत वोरोनिनने तिच्या छातीत चाकू खुपसला. वार हृदयापर्यंत गेला. इंगा २९ वर्षांची होती. त्याच्यावर खटला चालला, तुरुंगवास झाला. तिला मॉस्कोतल्या वागान्कोव्हो स्मशानभूमीत पुरलं.

लोक नंतर बोलत राहिले. मत्सर होता म्हणाले, तिची कीर्ती त्याला सहन झाली नाही म्हणाले, तिचंच काहीतरी असेल असंही म्हणाले. हे शेवटचं सगळीकडे म्हणतात. त्यात मी जात नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत नॉर्वेच्या ट्रॉन्हाइमला जागतिक स्पर्धा ठरल्याप्रमाणे झाली. स्तेनिना जिंकली. विक्रमांच्या तक्त्यात महिलांच्या ३००० मीटरसमोर तेव्हाही तीच वेळ होती, ५ मिनिटं ६ सेकंद, मेदेओ, १९६२. शेजारच्या रकान्यात नाव होतं वोरोनिना.